मेंदूला जबर मार आणि जन्मभराची देखभाल: अपघात भरपाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खंबाटकी घाट, शिरवळ ते कासेगावपर्यंतचा महामार्ग, आणि गळीत हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. सातारा-सांगलीतले डोक्याच्या दुखापतीचे बरेच दावे इथूनच येतात. अशा दाव्यात सगळ्यात मोठी रक्कम दवाखान्याच्या बिलाची किंवा बुडालेल्या पगाराची असेल असं वाटतं. पण पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल, तर घरी होणाऱ्या सेवेचा खर्च बिलाच्या कितीतरी पुढे जातो आणि पगाराच्या आकड्याशी बरोबरी करतो. तरीही कोर्टात सगळ्यात कमी कागद याच बाबीचे पोचतात. म्हणून खालची बरीचशी उत्तरं देखभालीभोवती फिरतात.

दवाखान्याचं बिल नऊ लाख झालं. भरपाई साधारण तेवढीच मिळते का?

नाही. बिल ही एक बाब झाली. त्याशिवाय प्रवास आणि पौष्टिक आहाराचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, पुढच्या आयुष्यातली बुडणारी कमाई, पुढचे औषधोपचार, अटेंडंटचा खर्च, वेदना आणि आयुष्यातल्या गमावलेल्या सुखांबद्दलची रक्कम, अविवाहित असेल तर लग्नाची हुकलेली शक्यता, हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. अर्जात प्रत्येक बाबीपुढे आकडा हवा. ‘एकूण ५० लाख मिळावेत’ एवढंच लिहिलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणालाही (असे दावे चालवणारं कोर्ट) ठोक रक्कम देऊन मोकळं व्हायला वाव मिळतो.

पेशंट अजून बेशुद्ध आहे. तब्येत कुठवर सुधारते ते बघून अर्ज केला तर?

थांबू नका. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या मुदतीवर वाद चालू असले, तरी त्या भरवशावर राहून मुदत ओलांडू नये. मेंदूची सुधारणा मात्र सहा महिन्यांत पुरती कळत नाही; बहुतेक पेशंटमध्ये चित्र स्पष्ट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणून अर्ज वेळेत करायचा, अपंगत्व आणि देखभालीचे आकडे अंदाजाने लिहायचे आणि पुढे अर्जात दुरुस्ती मागायची. वकिलांना पहिल्याच भेटीत हे सांगून ठेवा.

अपघात झाला ती जागा, तुमचं राहण्याचं ठिकाण किंवा समोरच्याचं राहण्याचं ठिकाण, यांपैकी कुठल्याही भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो. अपघात पुण्याजवळ झाला आणि घर विट्याला असेल, तर प्रत्येक तारखेला पुणं गाठायची गरज नाही.

पोलिसांकडून कोणते कागद यायला हवेत?

नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. मुदती चुकतात. ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाची आरसी, विम्याची पॉलिसी, चालकाचा परवाना आणि दोषारोपपत्र या सगळ्याच्या प्रती काढून ठेवा.

ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर पंचनामा तिथल्या तिथे वाचा. ट्रॅक्टरचा नंबर लिहिलेला असतो आणि ट्रॉलीचा नसतो, हे नेहमीचं. पुढे विमा कंपनी म्हणते की विमा ट्रॅक्टरचा होता, ट्रॉलीचा नव्हता. किंवा पॉलिसी शेतीकामाची होती आणि वाहतूक भाड्याची चालली होती. ऊस कुठल्या कारखान्याचा होता ते नोंदवायला लावा. कारखान्याच्या काट्यावरच्या वजनपावतीवर आणि वाहतूक करारात वाहनाचा आणि मालकाचा माग लागतो.

विमा कंपनीचा माणूस अडीच लाख लगेच देतो म्हणतोय. घ्यावेत का?

आधी वकिलांना कागद दाखवा. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पण कलम १४९ च्या पद्धतीने (विमा कंपनीशी तडजोड करून) ही रक्कम स्वीकारली, तर कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून मागायचा मोठा दावा संपुष्टात येतो. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. जन्मभर अंथरुणावर राहणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी अडीच लाखांवर सही करणं हा या सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात महागडा सौदा आहे.

प्रमाणपत्रावर ६० टक्के अपंगत्व लिहिलंय. मग भरपाईही ६० टक्केच?

तसं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नीट मांडला आहे. डॉक्टर शरीराचं कायमचं अपंगत्व सांगतात. त्या माणसाच्या कमाईच्या क्षमतेवर त्याचा परिणाम किती झाला, हे न्यायाधिकरणाने ठरवायचं असतं. ६० टक्के अपंगत्व असलेला ट्रकचालक परत स्टिअरिंगवर बसू शकत नसेल आणि दुसरं कामही करू शकत नसेल, तर कमाईचं नुकसान १०० टक्के धरता येतं. शिवाय प्रमाणपत्रावरचा आकडा एका हाता-पायाचा आहे की संपूर्ण शरीराचा, हे बघा. तेवढं लिहिलेलं नसेल तर उलटतपासणीत डॉक्टरांची आणि तुमचीही अडचण होते.

तपासणी कोणाकडून आणि कधी करून घ्यायची?

सरकारी प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (अपंगत्वाच्या ओळखपत्राचा) अर्ज भरायचा आणि शासकीय रुग्णालयातल्या मंडळापुढे जायचं. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

कोर्टासाठी एवढं पुरत नाही. ज्यांनी उपचार केले त्या न्यूरोसर्जनची साक्ष सगळ्यात वजनदार. पेशंटला कधीही न तपासलेल्या डॉक्टरचं आयतं प्रमाणपत्र न्यायालयं संशयानेच बघतात, आणि ते योग्यच आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी अहवाल घ्या. दाखल होतानाचा ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीचं मोजमाप; १५ पैकी ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा), सीटी स्कॅन, झालेल्या शस्त्रक्रिया, आज काय करता येतं आणि काय नाही, आणि पुढे कशाची गरज लागेल, हे सगळं त्यात हवं. दैनंदिन कामांसाठी बार्थेल इंडेक्स भरून घ्या. जेवण, अंघोळ, कपडे, लघवी-शौच, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना अशा दहा बाबींचा तो साधा तक्ता असतो, आणि न्यायाधीशांना टक्केवारीपेक्षा तो लवकर कळतो. डॉक्टरांना कोर्टात यायला वेळ नसेल तर कोर्टाने नेमलेल्या आयुक्तामार्फत साक्ष नोंदवण्याची मागणी करता येते.

आमचा मुलगा चालतो, बोलतो, जेवतो. पण पहिल्यासारखा राहिला नाही. त्याला देखभालीची भरपाई मिळेल का?

मिळायला हवी. पण सगळ्यात जास्त अन्याय याच पेशंटवर होतो. कपाळामागच्या मेंदूच्या भागाला मार बसला की हातपाय शाबूत राहतात. जाते ती सारासार बुद्धी. गॅस सुरू करून विसरणं, घराबाहेर पडून रस्ता चुकणं, किरकोळ कारणावरून अंगावर धावून जाणं, अनोळखी माणसाला पैसे देऊन टाकणं, आठवडाभर अंघोळ न करणं. कोर्टात पाच मिनिटं उभा केला तर तो नीट उत्तरं देतो आणि विमा कंपनीचे वकील म्हणतात, ‘बघा, ठणठणीत आहे.’

याला दोन गोष्टींचा पुरावा लागतो. एक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी; त्यात स्मरणशक्ती, एकाग्रता, नियोजन यांचं मोजमाप होतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये ही तपासणी तपशिलात होते. दोन, तारीखवार घटनांची वही. ‘स्वभाव चिडका झाला’ असं लिहून उपयोग नाही. ‘दुपारी दीडला दूध तापत ठेवून बाहेर गेला, शेजाऱ्यांनी गॅस बंद केला’ असं लिहा. अशा माणसाला उचलावं लागत नसलं, तरी त्याच्याजवळ दिवसभर कोणीतरी लागतं, आणि त्या माणसाच्या दिवसाची किंमत आहे.

अटेंडंटच्या खर्चाचा हिशोब नेमका कसा करतात?

काजल विरुद्ध जगदीश चंद, ५ फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या १२ वर्षांच्या मुलीला २००७ मध्ये ट्रकची धडक बसली. मेंदूच्या इजेमुळे तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरली. न्यायालयाने म्हटलं की अटेंडंटच्या खर्चालाही, कमाईच्या नुकसानीसारखाच, गुणक (वर्षाच्या रकमेला ज्या आकड्याने गुणायचं तो) लावायला हवा. १२ तासांच्या एका अटेंडंटचे महिना ५,००० रुपये, दिवसरात्र मिळून दोघांचे १०,०००, वर्षाचे १,२०,००० आणि गुणक १८, म्हणजे २१,६०,०००. उच्च न्यायालयाने दिलेले २५,७८,५०१ रुपये वाढून एकूण ६२,२७,००० झाले.

गुणक वयावर ठरतो. २५ वर्षांपर्यंत १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९, ६१ ते ६५ ला ७ आणि त्यापुढे ५.

आता उदाहरणादाखल एक हिशोब. कुपवाड एमआयडीसीत कायम नोकरीतला ३४ वर्षांचा ऑपरेटर, पगार २२,०००, आता पूर्ण परावलंबी.

कमाई: ४० वर्षांच्या आतल्या कायम नोकरदाराला भावी पगारवाढीपोटी पगारात ५० टक्के मिळवायचे, म्हणजे ३३,०००. वर्षाचे ३,९६,०००, गुणक १६, एकूण ६३,३६,०००. मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी वजावट होते. जखमीच्या दाव्यात ती करायची नसते. ही वजावट चुकून झालेली आढळते, निकालपत्र हातात आल्यावर बघा.

अटेंडंट: दोन पाळ्या, प्रत्येकी १२,००० धरले तर महिना २४,०००, वर्षाचे २,८८,०००, गुणक १६, एकूण ४६,०८,०००.

रोजचं साहित्य: दिवसाला पाच डायपर ३५ रुपयांप्रमाणे, महिना ५,२५०, झटक्यांची आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधं ३,५००, महिन्यात बारा वेळा फिजिओथेरपी ४०० प्रमाणे ४,८००, नळीतून द्यायचा आहार १,५००, नळ्या, कॅथेटर, ग्लोव्हज, अंडरपॅड १,२००. महिना १६,२५०, वर्षाचे १,९५,०००, गुणक लावला तर ३१,२०,०००. या बाबीला न्यायाधिकरणं बऱ्याचदा ठोक रक्कम देतात. तरी हिशोब असाच मांडा. ठोक रक्कमही मग त्याच्या जवळ जाते.

तुमच्या गावातले दर वेगळे असतील. सांगली-मिरजेच्या नर्सिंग ब्युरोकडून १२ आणि २४ तासांचे दर लेखी घ्या. तोंडी सांगितलेला दर टिकत नाही.

एवढ्या पैशात खरंच जन्मभर भागतं का?

वरचे ४६,०८,००० साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २,९९,५२० व्याज येतं. आजचा अटेंडंटचा खर्च भागतो. पण पगार दरवर्षी वाढतात, म्हणून दोन-तीन वर्षांतच मुद्दलाला हात लागतो. ५२ वर्षांच्या पेशंटला गुणक ११ मिळतो. तोच दर धरून ३१,६८,००० होतात आणि व्याज २,०५,९२०, म्हणजे पहिल्याच वर्षापासून तूट. गुणकाची ही पद्धत कमाईच्या वर्षांसाठी बनली आहे; देखभालीला ती तोकडी पडते, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणूनच सुरुवातीचा मासिक दर काटकसरीने लिहू नका. ‘जास्त मागितलं तर कोर्ट रागावेल’ ही भीती निराधार आहे. पुराव्यानुसार योग्य ठरली तर मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही न्यायाधिकरण देऊ शकतं.

सगळी सेवा आईच करते. पगारी माणूस ठेवलेलाच नाही. मग काय दाखवायचं?

आईच्या सेवेची किंमत शून्य धरता येत नाही. ती आहे म्हणून खर्च वाचला, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीने का घ्यावा? आणि आई कायम पुरणार नाही. तिचं वय साक्षीत सांगा.

इथे पुरावा म्हणजे २४ तासांची नोंदवही. नाकातून नळी असलेल्या पेशंटचं एक जेवण घ्या. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलायची, नळी जागेवर आहे ना ते बघायचं, दोनशे-अडीचशे मिली पातळ आहार वीस-तीस मिनिटांत हळूहळू सोडायचा, मग पाण्याने नळी धुवायची आणि अर्धा तास तसंच उंच ठेवायचं. घाई केली की आहार छातीत जातो आणि न्यूमोनिया होतो. तयारी धरून एका वेळेला तास जातो, आणि दिवसात अशी सहा जेवणं. शिवाय पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. गळ्याला ट्रॅकिओची (श्वासाची) नळी असेल तर मधूनमधून सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणं. बारा-पंधरा दिवस हे वेळेनिशी लिहिलं, तर एका माणसाला हे झेपत नाही हे कोणालाही वेगळं पटवावं लागत नाही. सोबत दोन-तीन छोटे व्हिडिओ ठेवा, आणि सेवा करणाऱ्या आईची किंवा बायकोची साक्ष घ्या. पुष्कळ दाव्यांत फक्त वडिलांची किंवा भावाची साक्ष होते, आणि दिवसात किती वेळा डायपर बदलतात हे त्यांना सांगता येत नाही.

वस्तू आणि पुढच्या शस्त्रक्रियांचं काय?

फाउलर कॉट (डोक्याकडून-पायाकडून उचलता येणारा पलंग), एअर बेड, सक्शन मशीन, मानेला आधार असलेली व्हीलचेअर, बाथरूममधले बदल, रॅम्प यांची कोटेशनं जोडा. एअर बेड आणि व्हीलचेअर जन्मभर टिकत नाहीत. किती वर्षांनी बदलायचे तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. कवटीचं हाड काढून ठेवलं असेल तर ते परत बसवण्याचा खर्च, डोक्यात पाणी साठून शंट (ते पाणी काढून नेणारी नळी) टाकला असेल तर तो बंद पडल्यावर बदलण्याचा खर्च, आखडलेल्या सांध्यांवरचे उपचार, हे सगळं डॉक्टरांच्या अंदाजपत्रकात यायला हवं. झटके इजेनंतर काही वर्षांनीही सुरू होऊ शकतात.

पगाराची स्लिप नाही. शेती आणि दोन म्हशी आहेत.

सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, द्राक्ष-बेदाण्याच्या किंवा हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या, दूध संकलनाचं पुस्तक, बँक आणि सोसायटीचे उतारे द्या. जमीन जागेवर आहे, मग नुकसान कसलं, असा प्रश्न येतोच. नुकसान त्याच्या राबण्याचं आणि देखरेखीचं असतं. आता छाटणीला, फवारणीला मजूर लावावा लागतो, त्या मजुरीच्या नोंदी ठेवा. स्वतःचा धंदा किंवा शेती असेल तर भावी वाढ ४० वर्षांच्या आत ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५ आणि ५० ते ६० मध्ये १० टक्के. लहान मुलाच्या बाबतीत काजल निकालात कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं होतं.

मेडिक्लेमने बिल भरलं. ते वजा होतं का?

नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ती वजावट नाकारली आहे. मूळ बिलं विमा कंपनीकडे गेली असतील तर साक्षांकित प्रती मागून घ्या.

हेल्मेट नव्हतं. किंवा गाडीवर मागे बसला होता. दावा बुडतो का?

नियम मोडला म्हणून आपोआप बुडत नाही. त्या चुकीचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. मात्र डोक्याच्याच इजेत हेल्मेटचा मुद्दा विमा कंपनी जोरात मांडते आणि काही टक्के कपात होऊ शकते. मागे बसलेल्याचं मात्र नीट समजून घ्या. चूक समोरच्या गाडीची असेल तर त्या गाडीच्या विम्यातून भरपाई मिळते. चूक तो बसला होता त्याच दुचाकीची असेल आणि तिचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल, तर कंपनी जबाबदारी नाकारते. स्वतःच गाडी चालवताना कोणाच्याही धडकेशिवाय पडला असेल तर मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर पॉलिसीत आहे का ते तपासा.

लोकअदालतीत मिटवावं का?

अपंगत्वाचं चित्र स्पष्ट झालं असेल आणि देखभालीचा हिशोब समोर असेल, तर जरूर विचार करा. पैसे लवकर हातात येतात. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. अपघातानंतर सातव्या महिन्यात, पेशंट किती सुधारेल हे कोणालाच माहीत नसताना मिटवू नका.

पेशंटला सही करता येत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३२ खाली जवळचा नातेवाईक त्याच्या वतीने दावा चालवतो, आणि तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते. बँक खातं आणि जमिनीचे व्यवहार हा वेगळा विषय आहे. सज्ञान, बेशुद्ध माणसाचं पालकत्व मिळवण्यासाठी बहुतेक वेळा उच्च न्यायालयात जावं लागतं. दाव्याचा निकाल लागल्यावर पळापळ करण्यापेक्षा हे आधीच सुरू करा.

भरपाई एकदम हातात मिळते का?

बहुधा नाही. मोठा भाग मुदतठेवीत ठेवून महिन्याला व्याज देण्याचा आदेश होतो. नातेवाइकांना याचा राग येतो, पण पेशंटच्या दृष्टीने ही अट चांगली आहे. ट्रॅक्टर घ्यायला, बहिणीच्या लग्नाला म्हणून पैसे जातात आणि चौथ्या वर्षी अटेंडंट बंद होतो. शस्त्रक्रिया किंवा उपकरणासाठी ठेव मोडायची असेल तर बिलांसह अर्ज करता येतो.

वकील रकमेच्या २० टक्के मागतात.

निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनुसार मनाई आहे. ठरलेली फी लेखी घ्या. अपंग व्यक्ती, महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

केस चालू असताना पेशंट दगावला तर?

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६६(५) नुसार दाव्याचा हक्क वारसांकडे जातो, मग मृत्यू अपघाताच्या इजेमुळे असो वा नसो. वारसांची नावं लगेच लावून घ्या. मृत्यू त्या इजेतूनच झाला असेल, उदाहरणार्थ पाठीच्या जखमेतला जंतुसंसर्ग किंवा वारंवार होणारा न्यूमोनिया, तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणात तसं स्पष्ट लिहून घ्या.

निकालात अटेंडंटसाठी फक्त दोन लाख ठोक दिलेत. पुढे काय?

९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगली जिल्ह्यांसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे मुंबईला जायची गरज राहिलेली नाही. निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा, आणि विमा कंपनीने जमा केलेली रक्कम काढून घेताना ‘अपिलाचा हक्क राखून’ असं अर्जात लिहा.